भीमसरटासाठी बंदूक

सातारा,
ता. ८ नोव्हेंबर १९४३

चि. मानसिंग यास नाथाजी फाळके याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल सायंकाळी पोहोचले. तुझी बहीण वारल्यापासून तू मला लिहिले नव्हतेस, मीही तुला लिहिले नव्हते. दोष कोणाचा, हा विचार आता नको. मात्र ज्याचा मेहुणा शाळाखात्यात शाळा तपासणारा डेप्युटी म्हणून जन्म घालवून निवृत्त झाला, त्या माणसाने ‘प्रकृती’ हा शब्द एकाच पानात तीन प्रकारांनी लिहावा आणि तिन्ही प्रकार चुकीचे असावेत, हे मला सहन झाले नाही. पलटणीत हवालदारापर्यंत चढलास. तेथे कोणी तुझी वही तपासली नाही, असे दिसते.

तू विचारतोस ते वाचून प्रथम हसू आले. पहिले महायुद्ध संपल्यावर विजयाच्या संचलनासाठी तुला लंडनला नेले, तेथील अजबखान्यात तू एका राक्षसी सरड्याचा सांगाडा पाहिलास, आणि परत आल्यावर बामणोलीच्या रानात शेकोटीपाशी तू तेच वर्णन इतक्या वेळा केलेस की राहीबाई म्हणत असे, “माझा भाऊ लढाई विसरला, पाल तेवढी ध्यानात ठेवली.” ते जनावर जिवंत होऊन कोयनेच्या खोऱ्यात उतरले, तर दोघांनी कोणती बंदूक घेऊन जावे, हा आपला त्या वेळचा वाद. तो निकालात निघाला नाही, तो आता निकालात काढू, असे तुझे म्हणणे. तुझे वय साठीच्या पुढे गेले आहे, माझे सत्तरीच्या. तरीही प्रश्न विचारला आहेस, तर उत्तर नीट देतो.

प्रथम नाव. त्यास ‘थोरली पाल’ म्हणू नये. मी त्यास भीमसरट म्हणतो.

आपला जुना नियम तुला आठवत असेलच: जे शस्त्र दोन माणसे पायी बामणोलीपर्यंत वाहून नेऊ शकतील, तेच घ्यायचे. तोफ वर्ज्य. या नियमात माझी दुनळी बाराबोरी बंदूक बसते, परंतु ती येथे निरुपयोगी आहे. छऱ्यांनी त्याच्या कातडीला खाजही सुटणार नाही. माझी पाचशे बोराची एक्स्प्रेस रायफल हाच एक विचार करण्याजोगा पर्याय. पण तिची नेहमीची गोळी हलकी आणि टोकाशी पोकळ. ती बिबट्याच्या अंगात फुटते व त्यास लोळविते. भीमसरटाच्या बाबतीत ती वरच फुटेल. आपल्याला फुटणारी गोळी नको, शिरणारी हवी. म्हणून शिशात कथील मिसळून भरीव, जड गोळ्या ओताव्या लागतील, आणि त्या मानाने दारू बेताने भरावी लागेल.

डोक्यावर नेम धरू नये. त्याचा मेंदू देहाच्या मानाने अत्यल्प असतो, असे वाचले आहे. एवढ्या मोठ्या जनावरात एवढेसे लक्ष्य शोधणे म्हणजे उसाच्या फडात सुई शोधणे. पुढच्या पायाच्या मागे, खालच्या तिसऱ्या भागात हृदय असले पाहिजे. आणि हेही ध्यानात ठेव की सरड्याच्या जातीला मेलो हे उशिरा कळते. गोळी लागल्यावरही ते बराच वेळ चालत राहील. म्हणून पाठीमागे खडक हवा.

रायफल मी चालवीन. दुसरी भरलेली बंदूक घेऊन तू नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या खांद्यामागे उभा राहशील.

प्रकृती कशी आहे, ते तू तीनदा लिहूनही मला नीट कळले नाही. पुन्हा लिही, आणि शुद्ध लिही.

तुझा,
नाथाजी

*

विश्रामबाग, सांगली,
ता. २० नोव्हेंबर १९४३

तीर्थरूप दाजी यांना मानसिंगचा रामराम.

आवं दाजी, तुमचं पत्र आलं आन मला बामणोलीचा धूर नाकात गेल्यावानी झालं. लेक तानूनं दोनदा वाचून दाखवलं. ती म्हनली, “मामांनी पत्र लिवलंय का परीक्षेचा पेपर तपासलाय?” म्या म्हनलं, गप, दाजी असंच परेम करत्यात.

आता जबाब. तुमची ती एक्स्प्रेस म्हंजे एकदा उडवली की धुरानं सगळं रान दिसंनासं हुतंय, आन उडवनाऱ्याचा खांदा डोलीत घालून न्यावा लागतोय. धूर इरंस्तवर ते जनावर आपल्या डोक्यावर बसंल. माझं म्हननं, पलटणीची थ्री-नॉट-थ्री. हलकी, सरळ मारनारी, आन गोळी पुरी मढवलेली. ती शिरती म्हंजे शिरती. म्या बसऱ्याला वाळूच्या पोत्यातनं आरपार गेलेली बघितलीया. एक गोळी थोरली मारन्यापरीस धा बारक्या एका जागी माराव्या. आन तुमच्या हृदयाचं काय सांगता! एवढं दांडगं धूड, त्येचं काळीज कुठं असंल ते त्येला तरी ठावं असंल का? म्या तर म्हनतो, कंबरंचं हाड मोडावं. बसलं की बसलं.

पन दाजी, एक सांगतो. राग मानू नका. सगळ्या शिकारींत म्या मागंच उभा ऱ्हायलो. मेहुण्यानं दाजीची बंदूक धरायची, ही आपली रीतच हाय, आन त्येचं म्या कवा वाईट मानलं न्हाई. पन या टायमाला म्होरं म्या उभा ऱ्हातो. तुमी मागची बंदूक धरा. एकदाच.

तुमी इकडं यावं, आसं लय मनात हाय. येताना रायफल घेऊन या. काडतुसं बी आना, कोरडी बघून आना; सातारच्या पावसानं टोप्या सर्दावल्या असतील तर उडायची न्हाईत. मला ती रायफल एकदा हातात धरायची हाय. लोकांस्नी काय बोलू नका, हसत्याल. आपुन दोघंच बास. पोरगा अर्जुना हितं न्हाई. कुठं हाय ते कागदावर लिवत न्हाई, आल्यावर सांगतो.

लौकर या. जास्त लांबवू नका. मिरजंच्या डॉक्टरानं भाकरी बंद केलीया, पेजंवर हाय. लय वेळ बसवत न्हाई, म्हनून हितंच थांबतो.

तुमचा,
मानसिंग

*

सातारा,
ता. २ डिसेंबर १९४३

चि. मानसिंग यास,

तुझे पत्र मिळाले. ते मी एकदा वाचले, मग दार लावून पुन्हा वाचले.

सध्याचा काळ कसा आहे, हे तुला सांगावयास नको. या जिल्ह्यात भूमिगतांनी परवानाधारकांच्या घरांतून बंदुका नेल्याच्या बातम्या रोज कानांवर येतात. तारा तुटतात, रेल्वेचे रूळ उखडले जातात. अशा दिवसांत तू मला लिहितोस की रायफल घेऊन ये, काडतुसे कोरडी पाहून आण, लोकांना सांगू नकोस, आणि तुझा मुलगा कोठे आहे ते कागदावर लिहिण्याजोगे नाही. सांगली हे संस्थान आहे, माझा परवाना इंग्रजी मुलखाचा आहे. सीमा ओलांडून हत्यार नेणे हा गुन्हा आहे, एवढे पलटणीत राहिलेल्या माणसास ठाऊक असलेच पाहिजे.

अर्जुना भूमिगतांत सामील झाला असल्याचे येथे दोघांच्या तोंडून ऐकले होते. मी विश्वास ठेवला नव्हता. आता काय मानावे?

भीमसरट, शेकोटी, तुझ्या बहिणीची आठवण, या सर्वांच्या आडून तू मला कशात ओढू पाहत होतास, याचा विचार तूच कर. मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. माझी दोन्ही हत्यारे आणि सर्व काडतुसे मी परवा कचेरीत जमा केली. एक निष्ठावान निवृत्त नोकर म्हणून जे करणे आवश्यक होते, तेवढे मी केले आहे.

पुढे उभे राहण्याबद्दल म्हणशील, तर तू घाईचा माणूस आहेस. जनावर टप्प्यात येण्यापूर्वी तुझे बोट खटक्यावर जाते. म्हणून तुला मागे ठेवीत असे. त्यात रीतीचा प्रश्न नव्हता.

यापुढे अशा मजकुराचे पत्र पाठवू नये.

नाथाजी फाळके

*

विश्रामबाग, सांगली,
ता. १८ डिसेंबर १९४३

तीर्थरूप दाजींना मानसिंगचा रामराम.

दाजी, तुमी लिवलंय की पत्र पाठवू नगा. तरी लिवतो, कारन तुमास्नी सावध करायला पायजे. हे पत्र तानूच्या हातचं हाय, म्या नुसता बोलतोय. चुका तिच्या.

परवा संस्थानचे पोलीस आले हुते. सकाळच्या पारी, तानू चूल पेटवत हुती. आपली पत्रं कुनीतरी वाचलीत. म्या म्हनलं, पोस्टात कुनी नालायकानं फोडली असत्याल; सध्या समद्यांचीच फोडत्यात. तुमच्यावर बालंट येऊ ने म्हनून सांगतो: माझी काय पत्रं तुमच्यापाशी असतील तर जाळून टाका. म्या जबाब दिलाय की समदं माझ्या डोक्यातलं याड हाय, दाजींस्नी ह्यातलं काय ठावं न्हाई.

हसू नका, पन झडती लय झकास झाली. जमादार म्हनला, “जनावर कुठलं? नाव सांग.”

म्या म्हनलं, “साहेब, ते मरून लाखो वर्सं झाली.”

“मग बंदूक कशाला?”

“परत आलं तर असावी म्हनून.”

तो म्हनला, “थट्टा करतोस? साथीदार कोन?”

म्या म्हनलं, “दाजी हुते. पन ते शाळंतल्या मास्तरांशिवाय कुनाला मारत न्हाईत.”

तवा त्येचा शिपाई हसला आन जमादारानं त्येला भाईर घालवला. गोधडी उसवली, कणगी उपसली, जावयाच्या कॉलेजातल्या शिपायाच्या डगल्याची बटनं सुदिक मोजली. मला खाटंवरनं खाली बसवलं, खाटंची सुतळी तपासली. मंग गेले. मला परत वर घ्यायला चौघं लागले, एवढंच.

अर्जुनाचं ऐका. पोरगं कानपूरला हाय. विट्याच्या मानसांसंगं गेलं, सोनं गाळायच्या दुकानात भट्टीपाशी बसतंय. तुमी त्येला सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसवनार हुता, म्हनून म्या लपवलं. तुमी म्हनला असता, “भाता फुंकायला मराठी पाचवीपतुर कशाला शिकवला?” कागदावर आलं की तुमी लाजवनार, म्हनून तोंडी सांगनार हुतो. दुसरं काय न्हवतं.

रायफल कचेरीत दिलीत ते बरं केलंत. आता मोकळ्या हातानं या. पडल्या पडल्या म्या इचार केला, दाजी. ते जनावर लंडनला बघितलं तवा तिथल्या मानसानं सांगितलं हुतं की ते निसता पाला खायचं. मंग आपुन त्येला मारायचं कशापायी? थ्री-नॉट-थ्री नगं, एक्स्प्रेस नगं. दोघंजन जाऊ, खडकाआड बसू आन बघून येऊ. बघायला कोन म्होरं न् कोन मागं!

संक्रांतीच्या आत या. मंग माझं काय खरं न्हाई.

तुमचा,
मानसिंग

*

सातारा,
ता. ३० डिसेंबर १९४३

चि. मानसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून चित्त अस्वस्थ झाले, आणि अर्जुनाविषयी वाचून मोठे ओझे उतरले. भट्टीपाशी बसणे हे काही पाप नव्हे. प्रामाणिक काम आहे. तू सरळ लिहिले असतेस, तर मी एक व्याख्यान दिले असते आणि विषय संपला असता.

टपालाविषयी तू म्हणतोस ते अगदी संभवनीय आहे. सध्या खाजगी पत्रांचे पावित्र्य उरलेले नाही. कोणी फोडले, कोणी वाचले, याचा शोध घेण्यात अर्थ नाही. तुला त्रास झाला, याचे मला दुःख आहे.

पाला खाणाऱ्या जनावराविषयी तुझा मुद्दा भावनेच्या दृष्टीने ठीक आहे. परंतु शाकाहारी म्हणून ते निरुपद्रवी असते, असे नाही. गवादेखील गवतच खातो. तेव्हा शस्त्राचा प्रश्न टाळता येत नाही. मी पुन्हा विचार केला आहे. तुझी थ्री-नॉट-थ्री आणि माझी एक्स्प्रेस, अशा दोन्ही घ्याव्या. प्रथम एक्स्प्रेसने खांद्यामागे, आणि धूर पांगेपर्यंत तू कमरेच्या सांध्यावर. भरीव गोळ्यांसाठी कथिलाचे प्रमाण किती असावे, याचे कोष्टक सोबत वेगळ्या कागदावर लिहिले आहे. ते जपून ठेव.

येण्याविषयी: सध्या थंडी फार आहे आणि माझा दमा उचल खातो. शिवाय नुकतेच असे प्रकरण घडल्यानंतर मी लगेच तुझ्या घरी आलो, तर त्याचा भलताच अर्थ काढला जाईल. माघ संपला, म्हणजे शिवरात्र झाली की येईन. तोवर पेज घेत जा, आणि डॉक्टरांचे ऐक.

‘संक्रांतीच्या आत’ असे तू लिहिलेस. त्यात घाईचा तोच जुना स्वभाव दिसतो.

तुझा,
नाथाजी

*

विश्रामबाग, सांगली,
ता. २८ जानेवारी १९४४

तीर्थरूप मामा यांना तानुबाईचा नमस्कार.

बाबा परवा बुधवारी दुपारी गेले. पोटात गाठ हुती. मिरजंच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं हुतं की आता काय करता येत न्हाई. तवाच त्यांनी तुमास्नी पयलं पत्र लिवलं. गाठीचं लिवू दिलं न्हाई. म्हनले, “दाजी यायला पायजेत ते माझ्यासाठी, गाठीसाठी न्हवं.”

तार केली न्हाई ती त्यांनीच नगं म्हनल्यामुळं. “म्हातारा मानूस हाय, तार बघून छाती धडधडंल, पत्र टाक,” आसं म्हनले.

मामा, तुमी मला शाळंत घातलंत. गावात पोरी शाळंत जात न्हवत्या तवा तुमी बाबांशी भांडलात. म्हनून मला लिवता येतंय, आन म्हनूनच हे म्या लिवनार हाय. बाबांनी सांगू नगं म्हनून शपथ घातली हुती. ती म्या मोडते.

झडतीच्या दिवशी जमादारानं पत्र बाबांच्या तोंडाम्होरं धरलं, “हे अक्षर तुझंच का?” म्हनून. म्या बाजूलाच हुते. बाबांनी तुमास्नी धाडलेलंच पत्र हुतं ते. त्येच्यावर तांबड्या शाईनं दुरुस्त्या हुत्या. ‘लय’ खोडून ‘फार’ केलेलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या खुना, आन कडंला ‘वाक्यरचना सदोष’ आसं बारीक अक्षरात. ते अक्षर म्या लहानपणापासनं वळखते. माझ्या पाटीवर, माझ्या वहीवर, माझ्या लगनाच्या पत्रिकेवर सुदिक हुतं ते.

बाबांनी बी बघितलं. मंग जमादाराला म्हनले, “व्हय, माझंच अक्षर. तांबडं माझं न्हवं.” जमादारानं इचारलं, तांबडं कुनाचं? तर म्हनले, “पोस्टातल्या कुना शिकलेल्या मानसाचं असंल.”

पोलीस गेल्यावर म्या रडले, तुमास्नी नाय नाय ते बोलले. बाबा म्हनले, “गप. दाजी भ्यालं असत्याल. त्यांला कवा कुनी भ्यायला दिलंच न्हाई. माझ्या बहिनीनं बी न्हाई, आमी बी न्हाई. समदी त्यांच्या मागं उभी ऱ्हायली. आता भ्यालं तर भ्यालं.” आन दोन दिवसांनी मला ते पत्र सांगितलं, पोस्टवाल्याचं. म्या म्हनलं, खोटं कशाला? तर म्हनले, “त्यांला हितं यायला वाट ठेवाय पायजे का नगं?”

मंग तुमचं पत्र आलं. पोस्टाचं अगदी संभवनीय हाय म्हनून. म्या वाचून दाखवलं. बाबा म्हनले, “शिवरात्रीला येत्यात म्हनं.” पुन्यांदा तुमचं नाव काढलं न्हाई. कोष्टकाचा कागद हातात घेऊन बघितला आन मला परत दिला.

संक्रांतीपतुर आवाज आला की दाराकडं बघायचे. संक्रांतीनंतर बघायचं बंद केलं.

अर्जुना आधीच कानपूरहून आलाय. शेवटचं पानी त्येच्याच हातनं बाबांच्या तोंडात पडलं.

तानुबाई

*

सातारा,
ता. ३१ जानेवारी १९४४

सौ. तानूस आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले.

तू जे लिहिलेस, ते सर्व खरे आहे. ती दोन्ही पत्रे मी स्वतः कचेरीत नेऊन फौजदाराच्या मेजावर ठेवली. त्याने मागितली नव्हती. मी हत्यारे जमा करण्यास गेलो होतो. तो कारण विचारू लागला, आणि उत्तर म्हणून मी पत्रे काढून दिली. त्याने वाचली, दुरुस्त्या पाहून हसला, आणि म्हणाला, “मास्तर, आपण तर गुन्हासुद्धा शुद्ध करून आणलात.” मला त्या वेळी ते प्रशस्तीसारखे वाटले, हे तुला सांगितले पाहिजे.

तुझ्या वडिलांना लिहिलेल्या पत्रात मी ‘निष्ठावान निवृत्त नोकर’ असे शब्द वापरले होते. मी केवळ घाबरलो होतो. बाकीची वाक्ये नंतर रचली. माझे पेन्शन जाईल, म्हातारपणी मला कचेरीत उभे करतील, लोक खिडकीतून पाहतील, एवढेच माझ्या मनात होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसास मेहुण्यापेक्षा पेन्शन जवळचे वाटले.

पुढचे त्याहून वाईट आहे. मानसिंगने टपालाचे कारण लिहिले, तेव्हा मला एक क्षणही असे वाटले नाही की त्यास खरे ठाऊक असेल. मी त्यास भोळा समजत आलो. तो घाईचा, तो बोलण्यात अशुद्ध, त्यास नेम धरेपर्यंत दम निघत नाही. माझ्या मनात त्याचे एवढेच वर्णन होते. त्याने माझ्यासाठी सबब शोधून पाठविली, ती मी उचलली, आणि वर त्यास व्याख्यान दिले. कथिलाचे कोष्टक पाठविले. मरणाऱ्या माणसाने लिहिले की आता मारायचे नाही, नुसते पाहून येऊ, आणि मी त्यास गवा गवत खातो असे उत्तर दिले.

पेज, बसवत नाही, संक्रांतीच्या आत. हे सर्व कागदावर होते. मी वाचीत नव्हतो, तपाशीत होतो.

माझ्या दम्याविषयीही तुला खरे सांगतो. तो या वर्षी उद्भवलाच नाही. तुमच्या दारात उभे राहून त्याच्या डोळ्यांस डोळा कसा भिडवावा, हे मला समजत नव्हते; म्हणून शिवरात्र काढली. तोवर तो थांबेल, असे मी गृहीत धरले. तो नेहमीच थांबत आला होता.

तुझ्या आत्याने मरतेवेळी मला सांगितले होते की मानसिंगला अंतर देऊ नका. मी तिला मान हलवून होकार दिला होता. हे आजवर कोणास सांगितले नाही, कारण सांगितले असते तर पाळावे लागले असते.

तेराव्यास येण्याची माझी इच्छा आहे. येण्याचा अधिकार आहे, असे मी म्हणत नाही. तू नको म्हटलेस तर येणार नाही, आणि त्याबद्दल तुला कधी विचारणार नाही. अर्जुनास माझे काय सांगावे, ते तूच ठरव.

नाथाजी

*

विश्रामबाग, सांगली,
ता. ३ फेब्रुवारी १९४४

तीर्थरूप मामा यांना नमस्कार.

पत्र पोचलं. म्या अर्जुनाला ते वाचाय दिलं, कारन त्येच्यापास्नं लपवून तुमास्नी घरात घ्यायचं माझ्यानं व्हनार न्हाई.

तो लय भडकलाय. म्हनतोय, “ते आलं तर म्या बोलनार. बाबाला खाटंवरनं खाली बसवलं त्ये म्या बघितलं न्हाई, पन शेजारी सांगत्यात.” आमचं मालक त्येची समजूत घालत्यात. म्या घालत न्हाई. त्येचं चूक न्हाई, मामा.

तुमी येऊ नका आसं म्या म्हननार न्हाई. बाबांनी वाट ठेवली हुती, ती म्या बंद केली तर त्यांचं काय ऱ्हायलं? पन पाव्हणे म्हनून पाटावर बसवनार न्हाई, आन अर्जुनाला गप बस म्हननार न्हाई. चारचौघांत बोलंल. त्येचं बोलनं भट्टीवरच्या मानसांसारखं झालंय, शिव्या बी यीत्यात.

तेरावा सोमवारी हाय. येत असाल तर आदल्या दिवशीच मिरजंला उतरा. सकाळची गाडी चुकती.

तानुबाई

*

सातारा,
ता. ५ फेब्रुवारी १९४४

तानू,

उद्या मिरजेस उतरतो आहे. स्टेशनावर कोणी येऊ नये.

अर्जुनास सांग, मनात आहे ते सर्व बोल, जसे येईल तसे बोल. मी उभा राहून ऐकेन. मध्ये बोलणार नाही.

नाथाजी